अडीचशे ग्रॅमचा धंदा

तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माझ्या एका मित्राला गेल्या उन्हाळ्यात एका क्रशरमालकाचा फोन आला. पुतणीच्या लग्नात त्यांनी मित्राचा ड्रोन पाहिला होता. "अरे, लग्नात उडवतोस ना ते, तेच घेऊन ये इकडे. खडीचे तीन ढीग पडलेत. किती ब्रास भरतात तेवढं काढून दे. पैसे लग्नाइतकेच देतो." मित्राने "बघतो शेठ" म्हणून फोन ठेवला आणि लगेच मला लावला. "जाऊ का रे? का आधी मोठा ड्रोन घेऊ?"

त्याचा ड्रोन २४९ ग्रॅमचा, घडी घातली की तळहातावर मावणारा. त्यावर त्याने चार लग्नसराया काढल्या आहेत. शिवाय कृषी पर्यटन केंद्रांच्या जाहिराती, बिल्डरच्या प्लॉटिंगचे व्हिडिओ, गावच्या जत्रेची पालखी, साखर कारखान्याच्या मोळीपूजनाचा कार्यक्रम. गावोगावचे स्टुडिओवाले आज याच जागी उभे आहेत. छोट्या ड्रोनने पैसे मिळवून दिले, आता मोठी कामं दार वाजवताहेत आणि ती याच यंत्रावर घ्यायची की कर्ज काढून वरच्या यंत्राकडे जायचं, ते ठरत नाही. चर्चा नेहमी कॅमेऱ्याच्या सेन्सरपासून सुरू होते आणि हप्त्यावर संपते. मला वाटतं, प्रश्न चुकीच्या टोकाने धरला जातो. गिऱ्हाईक आपल्याकडून चित्र विकत घेतंय की माप, हे आधी विचारायला हवं. चित्रासाठी छोटा ड्रोन अजून पुष्कळ वर्षं पुरेल. मापाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथेही मोठं यंत्र ही पहिली गरज नसते.

पण आपल्याकडे यंत्राआधी कायद्याकडे बघावं लागतं, कारण हा सगळा धंदा वजनाच्या एका आकड्याभोवती उभा राहिला आहे. मे २०१४ मध्ये मुंबईच्या फ्रान्सेस्कोज पिझ्झेरियाने लोअर परळहून वरळीच्या एका इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा पोहोचवला. त्याची देशभर बातमी झाली आणि पोलिसांनी चौकशीही केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जाहीर सूचना काढली की नियम होईपर्यंत खाजगी ड्रोन उडवायचे नाहीत. नियम लागू व्हायला १ डिसेंबर २०१८ उजाडलं. ड्रोनची पाच वजनगटांत विभागणी झाली आणि सर्वांत खालच्या पायरीला, २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला, 'नॅनो' हे नाव पडलं.

हा अडीचशेचा आकडा आपल्यापुरता नव्हता. अमेरिका-युरोपातही मर्यादा साधारण तिथेच होती, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये डीजेआय कंपनीने मॅविक मिनी आणला तो या मर्यादेच्या मापानेच शिवलेला. वजन २४९ ग्रॅम, आणि तो आकडा यंत्राच्या अंगावरच छापलेला. जपानमध्ये तेव्हा मर्यादा २०० ग्रॅम होती, म्हणून तिथे हलकी बॅटरी घालून १९९ ग्रॅमचा मिनी विकला गेला. हे यंत्र कायद्याकडे बघून बनवलं आहे हे विसरलं, की त्याच्या मर्यादाही विसरल्या जातात.

आज आपल्याकडे लागू असलेले ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ चे. त्याआधी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आलेले नियम इतके जाचक होते की सहा महिन्यांत ते गुंडाळावे लागले. ऑगस्टच्या नियमांनी नॅनो ड्रोन चालवणाऱ्याला चालक प्रमाणपत्रातून मोकळं केलं, मग तो हौसेने उडवो की पैसे घेऊन. प्रकार प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा यांतूनही नॅनोला सूट आहे. २५० ग्रॅमच्या वर, दोन किलोपर्यंतचा ड्रोन 'मायक्रो'. तो हौसेसाठी उडवला तर चालक प्रमाणपत्र लागत नाही, धंद्यासाठी उडवला तर लागतं. नोंदणी क्रमांक मात्र वजन कमी म्हणून सुटत नाही. नियम मोडला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत.

दुसऱ्या देशांकडे पाहिलं तर आपली रचना किती वेगळी आहे ते कळतं. अमेरिकेत पैसे घेतले की वजन कितीही असो, पार्ट १०७ या ड्रोन नियमांची परीक्षा द्यावीच लागते. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं चित्रण कुणी पैसे घेऊन २४९ ग्रॅमच्या ड्रोनने केलं, तरी त्याला प्रमाणपत्र हवं. युरोपात उलट आहे. तिथे पैशांचा प्रश्नच विचारत नाहीत, वजन आणि धोका एवढंच पाहतात. आपण दोन्ही कसोट्या एकत्र बांधल्या आहेत. त्यामुळे अडीचशे ग्रॅमची रेघ ओलांडली की त्याच माणसाचं, तेच काम एकदम दुसऱ्या कायद्यात जातं.

ही रेघ ओलांडायला नवं यंत्रही लागत नाही. मिनी ३ प्रो आणि मिनी ४ प्रो यांना मोठी 'प्लस' बॅटरी बसते. ती घातली की वजन २९० ग्रॅमच्या आसपास जातं आणि नॅनोचा मायक्रो होतो. मांडवात लहान मुलं पळताहेत म्हणून पंख्यांना जाळीचे गार्ड लावले, तरी वजन वाढतं. म्हणजे सुरक्षेसाठी केलेली शहाणपणाची गोष्ट माणसाला प्रमाणपत्राच्या हद्दीत नेऊन सोडते. नियम करताना हे कुणाच्या मनात आलं नसावं, पण लग्नात ड्रोन उडवणाऱ्याने लक्षात ठेवलंच पाहिजे.

आता खरी अडचण. अपग्रेड हा शब्द आपण असा वापरतो, जणू समोर शिडी आहे आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा आहे. आपल्याकडे ती मधली पायरीच नाही. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी व्यापार महासंचालनालयाने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. जुळणीसाठी सुट्या केलेल्या अवस्थेतला पूर्ण ड्रोनही त्यात आला. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यांपुरती सवलत राहिली, सुटे घटक मोकळे राहिले. मिनीनंतर साहजिक पुढचा म्हणावा असा ड्रोन म्हणजे मॅविक ३. वजन ८९५ ग्रॅम, मोठा फोर-थर्ड्स सेन्सर, रंग सुरेख. तो नोव्हेंबर २०२१ मध्ये जगात आला, आणि तीन महिन्यांत आपलं दार बंद झालं. मायक्रो असल्यामुळे तो चालवायला प्रकार प्रमाणपत्र हवं. त्याशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणी नसलेल्या यंत्राचा विमा काढायचा कसा? दुकानाच्या मागच्या खोलीतून तो मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिथून घेतलेल्या यंत्राचं पक्कं बिल नाही. पडलं, कुणाला लागलं, तर सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात.

इथे स्पष्ट बोललं पाहिजे. आयातबंदीतून नॅनोही सुटलेला नाही. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर मागच्या दाराने आलेला मिनी चालक प्रमाणपत्रातून मोकळा असेल, पण त्याची वाट सरळ नव्हती. ज्यांचे ड्रोन त्याआधीचे आहेत त्यांनी त्यांचे कागद जपून ठेवावेत, ते कागद आज यंत्राइतकेच मोलाचे आहेत.

बंदीमागचा हेतू मला पटतो. देशात ड्रोन बनावेत म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये १२० कोटींची उत्पादन प्रोत्साहन योजना आली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट ५ टक्क्यांवर आला. त्याची फळंही दिसतात. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काढलेली नवी मुंबईची आयडियाफोर्ज कंपनी, जिचं यंत्र 'थ्री इडियट्स' चित्रपटात उडताना अनेकांनी पाहिलं, ती २०२३ मध्ये शेअर बाजारात आली. पण आपले उत्पादक सैन्य, सर्वेक्षण आणि फवारणी यांसाठी ड्रोन बनवतात, कारण मोठे खरेदीदार तिथे आहेत. लग्नाच्या, जाहिरातीच्या चित्रणाला साजेसा स्थिर, रंगांचा पक्का कॅमेरा असलेला आणि स्टुडिओवाल्याला परवडेल असा देशी ड्रोन मला अजून समाधान देईल असा दिसलेला नाही. एका बाजूला तळहातावरचा मिनी, दुसऱ्या बाजूला काही लाखांचं सर्वेक्षणाचं यंत्र, मध्ये मोकळी जागा. या मोकळ्या जागेत गावातला स्टुडिओवाला उभा आहे, आणि धोरण ठरवणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते. ज्या काळात कुणी ड्रोनला हात लावायला धजत नव्हतं तेव्हा हे काम रुजवलं ते याच लोकांनी.

आता चित्राकडे येऊ. लग्नात ड्रोनकडून काय हवं असतं? वरात वेशीतून आत येताना एक उंच फेरा, मांडवाचा वरून देखावा, नवरा-नवरीच्या भोवती एक सावकाश घेर, आणि अक्षता पडतानाचा एक क्षण. सगळं मिळून अंतिम व्हिडिओत दीड-दोन मिनिटं. सकाळच्या किंवा दुपारच्या मुहूर्ताला मिनी २ सुद्धा ही दोन मिनिटं नीट देतो. मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर पाहणाऱ्याला मॅविक ३ आणि मिनी ४ प्रो यांतला फरक शेजारी ठेवून दाखवल्याशिवाय कळत नाही. कळतो तो संध्याकाळी. गोरज मुहूर्त, दिव्यांच्या माळांचं रिसेप्शन, हळदीची रात्र. मिनी २ चा सेन्सर १/२.३ इंचाचा. अंधारात आकाश दाणेदार होतं आणि नवरीच्या शालूचा रंग मरतो. मिनी ३ प्रो पासून सेन्सर १/१.३ इंचाचा झाला, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास तिप्पट. तेवढ्याने अर्धी तक्रार मिटते. उरलेली अर्धी मिटवायला वरचं यंत्र घेण्यापेक्षा मांडव घालणाऱ्याशी बोलून दोन दिवे जास्त लावून घेणं स्वस्त पडतं.

मित्राला मी हेही सांगितलं की लग्नाच्या कामाला मोठ्या ड्रोनपेक्षा दुसरा तसाच छोटा ड्रोन हवा. मंगलाष्टकं परत म्हणत नाहीत. एखादी घार झडप घालते, पंखा पताकेत अडकतो, गिंबल ऐन वेळी रुसतं. हाताशी एकच महागडं यंत्र असेल तर तिथे सगळं संपलं. पिशवीत दुसरा मिनी असेल तर पाच मिनिटांत तो वर असतो. आणि माणसांच्या डोक्यांजवळ उडवायचं तर हलकं यंत्र हा दोष नाही, ती खबरदारी आहे. २४९ ग्रॅमचा मिनी २ सेकंदाला १६ मीटर या त्याच्या कमाल वेगाने येऊन आदळला तर आघाताची ऊर्जा साधारण ३२ ज्यूल. ८९५ ग्रॅमचा मॅविक ३ त्याच्या २१ मीटरच्या वेगाने आला तर जवळपास १९७. सहा पट. ज्या मांडवात पाचशे माणसं बसली आहेत, तिथे मोठा ड्रोन नेण्याआधी या आकड्याकडे दोनदा पाहावं.

हवामानाच्या नावाने अपग्रेड करणारे तर मला नेहमी भेटतात. "वाऱ्यात टिकत नाही हो छोटा." पहिल्या मिनीबद्दल ते खरं होतं. पण मिनी ४ प्रो सेकंदाला १०.७ मीटर वाऱ्यापर्यंत टिकतो असं कंपनी सांगते आणि मॅविक ३ साठी १२ मीटर. तेवढ्यासाठी कुणी कर्ज काढू नये. विदर्भात वाऱ्यापेक्षा ऊन मोठं. चंद्रपूर, अकोला, नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि मिनी काय, मॅविक काय, दोघांच्याही कागदावर कमाल तापमान ४० अंश लिहिलेलं आहे. तिथल्या माणसाने सकाळी नऊच्या आत काम उरकावं, बॅटऱ्या बर्फाच्या नव्हे तर नुसत्या थंड पाण्याच्या बाटल्यांच्या डब्यात फडक्यात गुंडाळून न्याव्यात. कोकणात पाऊस आणि खारा वारा. यातल्या कुठल्याच ग्राहकी ड्रोनला पाणी सोसत नाही. ५० अंशांचं ऊन आणि पावसाचे शिंतोडे सहन करणारी यंत्रं आहेत, पण ती साडेसहा किलोच्या मॅट्रिस ३५० सारखी, म्हणजे वेगळ्याच वजनगटातली आणि वेगळ्याच हिशेबातली.

आणि आता खडीचे ढीग.

मित्राची पहिली कल्पना अशी होती की वरून शे-दीडशे फोटो काढायचे, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, ते त्रिमिती आकार बनवतं आणि घनफळ सांगतं. हे खरं आहे. छोटा ड्रोन इथे नापास होतो असंही नाही. ६० मीटर उंचीवरून मिनी २ चा ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो जमिनीवर सुमारे ८६ मीटर व्यापतो, म्हणजे एक पिक्सेल साधारण २ सेंटिमीटर. सर्वेक्षणासाठी बनवलेला मॅविक ३ एंटरप्राइज त्याच उंचीवर सुमारे १.६ सेंटिमीटर देतो. बारकाव्यात फार अंतर नाही. अंतर आहे ते तीन गोष्टींत, आणि त्या तिन्ही फोटोत दिसत नाहीत.

पहिली शटरची. मिनीचा सेन्सर चित्र एका झटक्यात घेत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. समजा संपूर्ण चित्र वाचायला सेकंदाचा तिसावा भाग लागला आणि ड्रोन सेकंदाला आठ मीटरने चाललाय, तर पहिल्या आणि शेवटच्या ओळीमध्ये ड्रोन २७ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. चित्र तिरपं होतं. सॉफ्टवेअर ती तिरप काही अंशी काढतं. सर्वेक्षणाच्या ड्रोनला यांत्रिक शटर असतं, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. मिनीवाल्याने सावकाश उडवावं, शक्य तर थांबून फोटो घ्यावा. पहिल्या मिनीत आणि मिनी २ मध्ये ठरवलेल्या मार्गाने आपोआप उडण्याची सोय कंपनीच्या ॲपात नव्हती, हाताने रेघा माराव्या लागत. मिनी ४ प्रो मध्ये ती आली.

दुसरी जागेची. साध्या ड्रोनला आपण कुठे आहोत हे उपग्रहांवरून मीटर-दीड मीटरच्या फरकाने कळतं. आरटीके असलेल्या ड्रोनला जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती मिळते, आणि फरक सेंटिमीटरवर येतो. तिसरी आकाराची. नुसत्या उभ्या फोटोंवरून बनवलेला आकार मध्यभागी किंचित फुगतो किंवा खचतो. सपाट मैदान घुमटासारखं दिसायला लागतं. डोळ्याला ते कळत नाही, हिशेबाला कळतं.

किती कळतं ते पाहा. ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद जागेवर ढीग आहे. क्षेत्र हजार चौरस मीटर. उंचीत सरासरी फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं, चूक झाली. शंभर घनमीटर इकडचे तिकडे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. चूक झाली ३५ ब्रासची. ब्रासवर क्रशरवाल्याचा विक्रीचा हिशेब चालतो, ब्रासवर तहसिलात रॉयल्टी भरली जाते, आणि जास्त उपसा निघाला तर दंडाची नोटीस ब्रासवरच येते. लग्नाच्या व्हिडिओत चार बोटांची चूक कुणाला दिसत नाही. इथे तिच्यावर वाद पेटतो, आणि त्या कागदावर स्टुडिओचा शिक्का असतो. शेठ लग्नाइतके पैसे देत होते, पण काम लग्नाचं नव्हतं.

यावर आरटीकेचं यंत्र हा एक उपाय. दुसरा उपाय जुना आणि स्वस्त आहे. ढिगांभोवती आणि मध्ये जमिनीवर पाच-सहा खुणा मारायच्या, चुन्याच्या किंवा काळ्या-पांढऱ्या पत्र्याच्या. गावात ईटीएसने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनने, मोजणी करणारा माणूस असतोच, त्याला अर्ध्या दिवसासाठी बोलावून त्या खुणांची जागा आणि उंची घ्यायची. चार खुणा सॉफ्टवेअरला सांगायच्या, दोन लपवून ठेवायच्या. आकार तयार झाल्यावर लपवलेल्या खुणांपाशी किती फरक पडतो ते पाहायचं आणि तो आकडा अहवालात लिहून द्यायचा. खुणा नीट असतील तर छोट्या ड्रोननेही फरक काही सेंटिमीटरच्या आत आणता येतो. एक सांगायचं राहिलं. ढिगाखालची जमीन फोटोत दिसत नाही. ढीग डोंगराच्या उतारावर टेकलेला असेल तर तळ कुठे धरायचा हे मालकाला विचारूनच ठरवावं लागतं, आणि ते कुठलाही ड्रोन, कितीही लाखांचा, सांगू शकत नाही.

मग मोठं यंत्र घ्यायचं कधी? खुणा मारायला माणूस जाऊच शकत नाही अशी जागा असेल, दर महिन्याला तीच खाण मोजायची असेल, किंवा शेकडो एकरांचं काम असेल तेव्हा. ६० मीटर उंचीवर, फोटो एकमेकांवर पुरेसे चढवत, सावकाश गेलं तर मिनीच्या एका बॅटरीत जेमतेम २५-३० एकर होतात. महिन्यातून चार दिवस असं काम हमखास मिळत असेल तर मोठं यंत्र हप्ते फेडेल. महिन्यातून एकदा मिळणार असेल तर यंत्रवाल्याला भाड्याने बोलवावं.

आणि एक काम कुणीही घेऊ नये, छोट्या ड्रोनवर नाही आणि मोठ्यावरही नाही. बांधाचं भांडण. भाऊबंदकीत एकजण येतो, "वरून फोटो काढून दे, बांध कुठे कोरलाय ते दिसू दे" म्हणतो. हद्द कायम करण्याची मोजणी भूमी अभिलेख खात्याची आहे. खाजगी ड्रोनच्या नकाशाला तिथे वजन नाही, आणि दोन्ही घरांचा राग मात्र ड्रोनवाल्यावर निघतो. गावठाणांची ड्रोन मोजणी सरकारने केली आहे. महाराष्ट्रात तिची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली आणि पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली. त्या मोजणीला अर्थ आहे, कारण तिच्यामागे भारतीय सर्वेक्षण विभाग, जमिनीवरच्या चुन्याच्या खुणा आणि हरकती ऐकणारा अधिकारी आहे.

काही कामांत छोट्याचा प्रश्नच येत नाही. सौर प्रकल्पात बिघडलेले पॅनेल शोधायला उष्णता दिसणारा कॅमेरा लागतो, तोही भर उन्हात, पॅनेल पूर्ण ताकदीने चालत असताना. राज्यात गावोगावी कृषी वाहिनीसाठी छोटे सौर प्रकल्प उभे राहताहेत, तिथे हे काम वाढत जाणार, आणि ते शिकून घेण्यासारखं आहे. फवारणी हा तर वेगळाच धंदा. दहा लिटरची टाकी, औषधाचं ज्ञान, उसासारख्या माणूस आत शिरू न शकणाऱ्या पिकात त्याचा खरा उपयोग. स्टुडिओवाल्याने त्याला आपलं अपग्रेड समजू नये.

माझ्या मते खर्चाचा क्रम असा असावा, की यंत्र सर्वांत शेवटी. आधी चालक प्रमाणपत्र. वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेत काही दिवसांचं प्रशिक्षण. राहुरीच्या कृषी विद्यापीठातही ते मिळतं. सरकारी शुल्क फक्त १०० रुपये आणि मुदत दहा वर्षं. संस्थेची फी त्याहून पुष्कळ जास्त आहे, पण ती एकदाच. नॅनोला ते लागत नसताना का घ्यायचं? कारण मोठं गिऱ्हाईक यंत्राआधी कागद विचारतं. जून २०२१ पासून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने बांधकामाचं दर महिन्याला ड्रोन चित्रण सक्तीचं केलं. ते काम चित्राचं आहे, मापाचं नाही. तांत्रिकदृष्ट्या मिनी पुरतो. पण ठेकेदाराच्या कार्यालयात प्रमाणपत्र आणि विमा यांशिवाय कुणी खुर्ची देत नाही. हातात प्रमाणपत्र असलं की देशी सर्वेक्षण ड्रोनवाल्यांकडे दिवसाच्या मजुरीवर चालक म्हणूनही जाता येतं. दुसऱ्याच्या यंत्रावर हात बसतो आणि ते आपल्याला हवं की नको ते कर्जाआधी कळतं.

त्यानंतर नकाशा. तो पैशांचा नाही, सवयीचा खर्च. डीजीसीएच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. विमानतळाच्या परिघापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते आणि त्याच्या आत परवानगीशिवाय उडताच येत नाही. पुण्यात लोहगाव हवाई दलाचं, खडकवासल्याला एनडीए. नाशिकला देवळाली आणि ओझर. गोव्यात दाबोळी नौदलाचं. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, तेव्हा उलवे-पनवेलच्या ज्या प्लॉटवर कालपर्यंत बिल्डरचे व्हिडिओ निघत होते त्यांचा हिशेब बदलला. मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनवर मनाई आदेश काढतात. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांवर लेखी परवानगी लागते. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड भागातली गावं रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी जागी राहिली होती. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. म्हणून नव्या गावात गेलं की आधी पोलीस पाटलांना भेटावं, कोण आहे, कशासाठी आलोय ते सांगावं. नॅनोला विमा सक्तीचा नसला तरी पैसे घेणाऱ्याने तो काढता येतो का ते पाहावंच. मग दुसरा छोटा ड्रोन, जादा बॅटऱ्या. आणि मग, काम हातात असेल तर, मोठं यंत्र.

मित्र क्रशरवर गेला. त्याआधी फोनवरच त्याने शेठना सांगितलं, "शेठ, लग्नाच्या पैशांत होणार नाही. एक मोजणीवाला बरोबर आणीन, त्याचे वेगळे. आणि कागदावर फरक किती ते लिहून देईन." शेठ जरा थांबले, मग म्हणाले, "आण." सकाळी साडेसातला खुणा मारल्या. दोन ढीग मोकळ्या जागेत होते, ते नीट निघाले. लपवलेल्या खुणांपाशी तीन आणि चार सेंटिमीटरचा फरक आला. तिसरा ढीग खाणीच्या कडेला टेकलेला होता. त्याचं माप मित्राने दिलं नाही.